ओझे पुरे झाले, आता वजन उचलू या

दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातून कोयते निघतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या-वस्त्यांवरून नवरा-बायको लेकरे आणि भांडीकुंडी घेऊन ट्रॅक्टरवर चढतात. कुणी याच जिल्ह्यातल्या कारखान्यांकडे जाते, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोघे तोडतात, मोळ्या बांधतात आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन बाई अरुंद फळीवरून वाहनावर चढते. वीटभट्टीवर, बांधकामावर, कांद्याच्या खळ्यावर वेगळे काही नाही. घरी आल्यावर पाण्याचे हंडे आहेतच.

या बाईला आजवर कुणीही सांगितले नाही की, "बाईमाणसाने वजन उचलू नये." पण तिचीच मुलगी "मी जिमला जाते, वजनं उचलायला शिकते" म्हणाली, की हे वाक्य घरातून, शेजारून, पाहुण्यांकडून, कधी कधी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकू येते. मजुरीसाठी उचलले तर चालते, दुसऱ्याच्या फायद्यासाठी उचलले तर चालते. स्वतःच्या शरीरासाठी उचलले की ते बाईला शोभत नाही. असे का, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात काम केले, आता वस्त्यांमध्ये महिलांच्या आरोग्याचे काम करतो. दोन्हीकडे पाहिलेल्या कंबरा, गुडघे आणि मोडलेले खुबे यांच्या आधारावर हा लेख लिहीत आहोत.

ओझे आणि वजन यात फरक काय?

बैठकीत हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, दिवसभर उचलतोच की आम्ही. अजून कशाला उचलायचं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

ओझे किती असावे हे बाई ठरवत नाही. मुकादम, मालक किंवा घरातली गरज ठरवते. व्यायामाचे वजन आपण ठरवतो. आज दोन किलो, पंधरा दिवसांनी तीन किलो, असे शरीराला पेलेल तसे वाढवतो. ओझे दिवसभर, एकाच पद्धतीने, एकाच बाजूवर पडते. त्याने मान दबते, कंबर धरते, गुडघे झिजतात. व्यायामात पाय, पाठ, छाती, खांदे, हात, पोट असे सर्व शरीर पाळीपाळीने काम करते आणि ढब बिघडली की आपण थांबतो. फडात थांबता येत नाही. थांबले तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

सर्वांत मोठा फरक विश्रांतीचा आहे. वजन उचलताना स्नायूंवर ताण येतो. ते भक्कम होतात ते नंतर, पोटात अन्न असताना आणि झोपेत. ताण, अन्न आणि विश्रांती या तिन्ही गोष्टी मिळाल्या तर शरीर घडते. नुसता ताण मिळाला तर शरीर झिजते. आपल्या कष्टकरी भगिनींच्या वाट्याला नुसता ताण आलेला आहे. म्हणून आयुष्यभर ओझे वाहिलेली बाई पन्नाशीत ताकदवान दिसत नाही, वाकलेली दिसते.

विश्रांती म्हणजे आळस नव्हे, हे आपल्याला नवे नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, अशी मांडणी केली होती. कष्टकरी बाईच्या शरीराचा विचार कायद्याने करावा, ही मागणी तेव्हापासून आपल्या चळवळीची आहे. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३४ ने इजा होईल इतके जड ओझे कामगाराला उचलायला लावण्यास मनाई केली. पण ते संरक्षण कारखान्याच्या गेटाच्या आत होते. त्याच कारखान्याला ऊस पुरवणारा फड गेटाच्या बाहेर राहिला.

शरीरात काय घडते?

तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू घटू लागतात. काही केले नाही तर दर दहा वर्षांत साधारण तीन ते आठ टक्के स्नायू जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. हाडांचेही तसेच आहे. पाळी बंद झाल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत बाईच्या हाडांचा वीस टक्क्यांपर्यंत भाग कमी होऊ शकतो. मग मोरीत पाय घसरण्याचे निमित्त होते, खुबा मोडतो आणि धडधाकट बाई खाटेला लागते. वॉर्डात असे पेशंट आले की घरचे म्हणायचे, "नुसती पडली हो." ती नुसती पडलेली नसायची. तिची हाडे आणि मांड्या दहा-पंधरा वर्षांपासून कमी होत आलेल्या असायच्या.

वजनाच्या व्यायामाने ही घट रोखता येते, काही प्रमाणात भरूनही काढता येते. हाडावर ताण पडला की शरीर त्या जागी हाड मजबूत करते. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडे ठिसूळ होऊ लागलेल्या १०१ स्त्रियांचा अभ्यास झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ६५ होते. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड वजने उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची घटली. त्याआधी १९९० साली अमेरिकेत बॉस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांवर प्रयोग झाला. आठ आठवड्यांच्या वजनाच्या व्यायामाने त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. नव्वदीत हे होते, तर चाळिशीत "आता काय उपयोग" म्हणण्याला अर्थ नाही.

मधुमेहाचाही इथे संबंध येतो. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायू उचलून घेतात. स्नायू कमी असले की साखर रक्तात फिरत राहते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत चालण्यासारख्या व्यायामाबरोबरच आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. ही सूचना स्त्री-पुरुष दोघांसाठी आहे. सकाळी फिरायला जाणे चांगलेच, पण तेवढ्याने हात, पाठ आणि खांदे मजबूत होत नाहीत.

पिशवी काढलेल्या भगिनींसाठी

हा भाग आम्ही मुद्दाम वेगळा लिहीत आहोत. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. त्यांत तिशी-पस्तिशीच्याही बायका होत्या. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या वस्त्यांवरही अशा भगिनी भेटतात. पाळीमुळे खाडा पडू नये, पांढरे जाणे थांबावे, पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली, अशी कारणे त्या सांगतात.

पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर पाळी जाण्यानंतरचे सगळे बदल त्याच दिवसापासून सुरू होतात. अंडाशय ठेवले असले तरी त्यांचे काम वेळेआधी थांबू शकते. म्हणजे जी हाडांची घट पन्नाशीत सुरू व्हायची, ती तिशीत सुरू होते. आणि ही बाई पुढच्या हंगामात पुन्हा मोळी उचलायला जाते. तिला कंबरदुखीची गोळी मिळते. हाडांबद्दल कुणी बोलत नाही.

अशा भगिनींनी आपले ऑपरेशनचे कागद शोधून ठेवावेत. अंडाशय काढले की ठेवले, हे सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना वाचून घ्यायला सांगावे आणि हाडांच्या तपासणीबद्दल विचारावे. टाके पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ताकदीचा व्यायाम त्यांनी इतरांपेक्षा आधी सुरू करावा. "ऑपरेशन झालंय, आता आयुष्यभर काही उचलायचं नाही" हा सल्ला त्यांची हाडे आणखी कमजोर करतो. शिवाय तो पाळणे त्यांना परवडतही नाही.

पोत्यापासून पदकापर्यंत

वजन उचलण्याचा खेळ १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्येच होता. पण फक्त पुरुषांसाठी. बायकांना त्यात यायला सन २००० उजाडावे लागले, म्हणजे १०४ वर्षे. दार उघडले त्याच वर्षी सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक घेतले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. दार बंद होते तोवर बायकांत ताकद नाही असे म्हणायला जग मोकळे होते.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मीराबाई चानूने ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक जिंकले. मणिपूरच्या खेड्यातली ही मुलगी लहानपणी जळणासाठी लाकडाची मोळी आणायची. भावाला न उचलणारी मोळी ती उचलायची, ही गोष्ट तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. आपल्या महाराष्ट्रातील वडगाव मावळची हर्षदा गरुड हिने मे २०२२ मध्ये ग्रीसमध्ये ४५ किलो गटात एकूण १५३ किलो उचलले आणि जागतिक कनिष्ठ स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. तिने तांदळाचे पोते पाठीवर उचलून आणलेले वडिलांनी पाहिले आणि तिला व्यायामशाळेत नेले. कोपरगावपासून जवळच असलेल्या मनमाडची आकांक्षा व्यवहारे हिने त्याच वर्षी मेक्सिकोतील जागतिक युवा स्पर्धेत ४० किलो गटात रौप्यपदक आणले.

लाकडाची मोळी आणि तांदळाचे पोते आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. ते उचलणाऱ्या मुलीही आहेत. फरक पडला तो पाहणाऱ्यांच्या नजरेत. एका घरात मुलीची ताकद कामाला जुंपण्याऐवजी तिच्यासाठी वापरावी असे कुणाला तरी वाटले. आपल्या सगळ्या मुली पदके आणणार नाहीत, आणायची गरजही नाही. पण ती नजर प्रत्येक घरात येऊ शकते.

पोलीस भरतीच्या निमित्ताने ती थोडी आली आहे. महिला उमेदवाराला ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे आणि चार किलोचा गोळा फेकणे अशी मैदानी चाचणी असते. त्यासाठी आपल्या मुली पहाटे मैदानावर दिसतात आणि आई-वडीलही सोडायला येतात. पण भरती झाली किंवा लग्न ठरले, की सराव बंद. नोकरीसाठी चाललेली ताकद पुढच्या चाळीस वर्षांच्या आयुष्यासाठी का चालू नये?

नेहमी कानावर येणाऱ्या गोष्टी

*"पुरुषासारखी दिसशील."* पुरुषाचे स्नायू फुगतात त्यामागे जे संप्रेरक असते, ते बाईच्या शरीरात त्याच्या दहाव्या हिश्शाच्याही आसपास नसते. आठवड्यातून दोनदा वजन उचलल्याने दंड फुगत नाहीत. अंग घट्ट होते, पाठ सरळ होते, चालणे सुधारते. आणि एखादीचे खांदे भरले तरी त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

*"अंग बाहेर येईल."* ही भीती हवेतली नाही. बाळंतपणानंतर लगेच जड कामाला जुंपलेल्या, एकामागून एक बाळंतपणे झालेल्या बायकांत हा त्रास दिसतो. दोष त्या सक्तीच्या ओझ्याचा आणि न मिळालेल्या विश्रांतीचा आहे. लघवी रोखताना जे स्नायू आपण आवळतो, ते पाच मोजेपर्यंत आवळून सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. वजन उचलताना श्वास कोंडू नये, उचलताना श्वास सोडावा. ज्यांना आधीच खाली ओढल्यासारखे वाटते, खोकताना लघवी सुटते, त्यांनी आधी तपासून घ्यावे.

*"पाळीत चालत नाही."* चालते. फार दुखत असेल, रक्त जास्त जात असेल तर त्या दिवशी आराम करावा. यात विटाळाचा काही संबंध नाही, हे आपल्या घरात तरी वेगळे सांगायला लागू नये.

*"मूल राहणार नाही."* याला कोणताही आधार नाही. गरोदर असाल तर मात्र नवीन व्यायाम डॉक्टर किंवा नर्सताईंना विचारूनच सुरू करावा.

*"आधीच अंगात रक्त नाही."* हे मात्र खरे असू शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणून आधी उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासा. बारापेक्षा कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्या. चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्या. फार कमी असेल तर आधी उपचार, मग व्यायाम.

सुरुवात कशी करावी?

यासाठी महागडे सामान लागत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच लिटरचा कॅन, गहू-वाळू भरलेली मजबूत कापडी पिशवी आणि एक न हलणारी खुर्ची पुरे. पाच मिनिटे चालून अंग गरम करा आणि मग:

१. खुर्चीवरून ऊठ-बस. हात छातीशी धरून उठा, सावकाश बसा. सोपे झाले की पिशवी छातीशी धरा.

२. भिंतीवर जोर. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे टेका, छाती भिंतीकडे न्या, ढकलून मागे या. पुढे खाटेच्या कडेवर करा.

३. पिशवी उचलणे. पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये. कंबर मागे ढकला, गुडघे थोडे वाकवा, पाठ सरळ ठेवा, टाचा दाबून उभे राहा. हे जमले की हंडा उचलतानाही कंबर वाचते.

४. पिशवी ओढणे. एक हात कट्ट्यावर टेकून किंचित वाका, दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढा. मग हात बदला.

५. डोक्यावर हात. दोन भरलेल्या बाटल्या खांद्यापासून वर न्या, सावकाश खाली आणा.

६. कंबर उचलणे. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, कंबर उचला, तीन मोजा, खाली आणा.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, मध्ये दोन मिनिटे थांबून पुन्हा एकदा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेले पाहिजे, पण ढब बिघडता कामा नये. सलग दोन दिवस बारा वेळा सहज जमले की अर्धा किंवा एक किलो वाढवा. फडाच्या हंगामात हा व्यायाम बंद ठेवला तरी चालेल. तेव्हा जेवण, झोप आणि उचलण्याची ढब सांभाळा.

छातीत दुखले, चक्कर आली, रक्तस्राव झाला किंवा खाली ओढल्यासारखे वाटले तर लगेच थांबा. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असलेल्यांनी आणि नुकतेच बाळंतपण किंवा ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

जेवणाशिवाय हे सगळे वाया जाते. पन्नास किलो वजनाच्या बाईला दिवसाला किमान ४२ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, मूठभर शेंगदाण्यातून सात, वाटीभर घट्ट वरणातून किंवा मटकीच्या उसळीतून साधारण तितकीच आणि पन्नास ग्रॅम सोयाबीन वडीतून पंचवीसच्या आसपास. सुकट, बोंबील, मटण ज्याच्या घरी जसे असेल तसे. डब्यातली पावडर विकत घेण्याची गरज नाही. गरज आहे ती बाईने सगळ्यांत शेवटी, उरलेले खाण्याची पद्धत मोडण्याची.

जागा, वेळ आणि हक्क

तालीम, व्यायामशाळा, जिम या जागा गावोगाव पुरुषांच्या आहेत. सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या व्यायामशाळेतही बायकांची वेळ ठरलेली नसते. राज्याच्या क्रीडा विभागाची व्यायामशाळा विकास अनुदान योजना आहे. वाडिया पार्कसारखे जिल्हा क्रीडा संकुल आहे. ते आपल्याही पैशाचे आहे. महिलांसाठी राखीव वेळ आणि शिकवणारी महिला मिळावी, असा अर्ज महिला मंडळांनी ग्रामपंचायतीकडे, नगरपालिकेकडे, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे द्यावा. तोंडी सांगू नये. अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

तोपर्यंत आपली विहारे आहेत. आठवड्यातून दोन दिवस, वंदनेच्या आधी किंवा नंतर अर्धा तास, दार लोटून सभागृहात दहा-बारा जणी जमू शकतात. शिकवायला कोण, असे विचाराल तर आपल्याच जिल्ह्यातले जामखेड आठवा. १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्या प्रकल्पात गावच्या बायकांनी आरोग्यसेविका म्हणून काम केले. त्यांत अनेक जणी दलित होत्या, अनेकींना अक्षर ओळख नव्हती. त्यांनी नाडी, बाळंतपण, बाळाचे वजन सगळे शिकून घेतले. त्या हे शिकू शकल्या, तर सहा व्यायाम नीट शिकून इतरांना शिकवणे आपल्याला अवघड नाही. वस्तीतली आशाताई, भरतीचा सराव केलेली मुलगी, निवृत्त नर्स यांपैकी कुणीतरी असतेच.

राहिला प्रश्न वेळेचा. "वेळच नाही" असे बायका म्हणतात तेव्हा ते खरे असते. तो वेळ आकाशातून पडणार नाही, घरातल्या माणसांकडूनच येईल. म्हणून हे पान घरातल्या पुरुषांनीही वाचावे. आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास चूल, लेकरू आणि पाणी तुम्ही सांभाळा. हंडा तुम्ही उचला. तेवढ्या वेळात तुमची आई, बायको, मुलगी स्वतःसाठी वजन उचलेल.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा दोन गोष्टी ठरवाव्यात: आठवड्याचे दोन वार, आणि हिमोग्लोबिन तपासणीसाठी उपकेंद्राच्या ताईंना बोलावण्याची तारीख. सामानाची यादी वर दिलीच आहे. जय भीम.